मागे जागा शिल्लक नाही

आमच्या चर्चमध्ये रविवारची भक्ती साडेनऊला असते. ती दहाला सुरू होते हे सगळ्यांना माहीत आहे, तरी लोक नऊलाच घरून निघतात. देवाची ओढ असतेच, नाही असं नाही. पण खरी घाई असते ती मागचा बाक धरण्याची.

पुढचे चार बाक कायम मोकळे. त्यांचं व्हार्निश मिशनच्या साहेबांच्या काळातलं, अजून चकचकीत. मागच्या बाकांची मात्र माणसं बसून बसून अशी दशा झाली आहे की सुतार म्हणतो, "दुरुस्ती परवडायची नाही, नवीनच करा."

याला कारण आमचे आधीचे पाळकसाहेब. त्यांनी एकदा लूकच्या चौदाव्या अध्यायावर उपदेश केला. दाखला सगळ्यांच्या परिचयाचा. मेजवानीला गेलात तर मानाच्या जागेवर जाऊन बसू नका. तुमच्याहून मोठा पाहुणा आला तर यजमान तुम्हाला उठवेल आणि चारचौघांत शोभा होईल. त्यापेक्षा खाली बसा, म्हणजे तोच येऊन तुम्हाला वर नेईल. साहेबांना नम्रतेबद्दल सांगायचं होतं. मंडळीने त्यातून वर जायचा रस्ता तेवढा उचलला. पुढच्या रविवारी निम्मी मंडळी शेवटच्या तीन बाकांवर दाटीवाटीने बसली होती आणि यजमान कधी येतोय म्हणून जो तो माना वळवून बघत होता.

यजमान म्हणजे दाराशी उभे असलेले पंच.

"पुढं या की, जागा आहे."

"नको नको, आम्ही आपले इथंच बरे."

"अहो, अख्खा बाक मोकळा आहे."

"मोठी माणसं बसतील तिथं. आम्ही कोण?"

हे 'आम्ही कोण' म्हणायची एक रीत आहे. आवाज असा लावायचा की बाहेर लिंबाखाली स्कूटर लावणाऱ्यालाही आपण कोण ते कळावं. तीनदा आग्रह झाला की नाइलाजाने उठायचं. दोनदाच झाला तर माणूस बसून राहतो आणि घरी गेल्यावर म्हणतो, "या मंडळीत आता प्रेम राहिलं नाही."

मी स्वतः शेवटच्या बाकावर बसत नाही, शेवटून दुसऱ्यावर बसतो. शेवटचा बाक म्हणजे जरा दिखावाच होतो, असं माझं मत आहे.

मला हे सगळं जवळून दिसतं, कारण मी पंच कमिटीचा चिटणीस आहे. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जुन्या लेटरहेडांचा गठ्ठा संपेपर्यंत आम्ही नगरच राहायचं असा ठराव आहे.) अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली. त्यांनी शाळा काढल्या, १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं, खेड्यापाड्यांत फिरली, आणि जाताना आमच्या पदरात दोन वस्तू टाकून गेली. एक कौलारू चर्च आणि एक कमिटी. चर्चला पावसाळ्यात गळती लागते. कमिटीला बारा महिने.

या कमिटीच्या निवडणुकीला आमच्याकडे कोणी उभं राहत नाही. लोक उभं करतात. "माझी अजिबात इच्छा नव्हती, पण तरुण संघाची पोरं ऐकेनात," असं सांगणाऱ्या उमेदवाराला पोरं कोणती म्हणून विचारावं, तर ती त्याच्याच घरची दोन निघतात. अर्ज देताना 'मी या पदाला लायक नाही' असं चार शब्दांत म्हणायचा प्रघात आहे. एका वर्षी एका काकांनी ते चार शब्द इतक्या कळवळ्याने सांगितले की मंडळीला पटले. काकांना सात मतं पडली. मग ते सबंध पावसाळाभर शेजारच्या गावी भक्तीला जात होते. तिथंही मागेच बसायचे, असं कळलं.

चिटणिसाचं सर्वांत अवघड काम म्हणजे पत्रिका छापणं. पत्रिकेच्या शेवटी 'आपले नम्र' असं लिहायचं आणि त्याखाली नावं द्यायची. नम्र माणसांची नावं कोणत्या क्रमाने छापायची, या प्रश्नावर मी रात्री जागून काढल्या आहेत. वयाप्रमाणे छापावीत तर महिला मंडळ नाराज. वर्गणीप्रमाणे छापावीत तर कोणी किती बुडवली ते बाहेर पडतं. शेवटी मी अकारविल्हे छापली, तर 'वा'ने आडनाव सुरू होणारे एक दादा तणतणत घरी आले.

"दरवर्षी आम्हीच का खाली?"

"दादा, पण तुम्ही तर शेवटच्या बाकावर बसता."

"बाकाची गोष्ट वेगळी. पत्रिका पाहुण्यांकडं जाते."

नाताळात एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागतो तो याच पत्रिकेचा थोरला भाऊ. वर दोन ओळी शुभेच्छुकांच्या फोटोंच्या, सगळे हात जोडून उभे. मध्ये मुख्य शुभेच्छुक, मोबाइल कानाला लावून. गव्हाणीतलं बाळ खाली उजव्या कोपऱ्यात, प्रिंटरवाल्याच्या फोन नंबरशेजारी. मी त्याला म्हटलं, गव्हाण जरा मोठी कर. तो म्हणाला, "साहेब, तुमच्यातच म्हणतात ना, त्यांना जागा मिळाली नव्हती?" यावर मला उत्तर सुचलं नाही. समोरच्या चहावाल्याने मात्र बराच वेळ फ्लेक्स न्याहाळून मला प्रामाणिकपणे विचारलं होतं, "यातले येशू कोणते?"

दानाचं तसंच. चर्चमध्ये एक भिंतीवरचं घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ सप्रेम अर्पण' हा मजकूर बारापासून निघून थेट चारपर्यंत येतो आणि खाली दात्याचं पूर्ण नाव सहाच्या आकड्यावर बसलं आहे. त्यामुळे उपदेश किती वेळ चालला ते कोणालाही सांगता येत नाही. ते घड्याळ पाळकसाहेबांनीच मागून घेतलं असावं, असा मंडळीला संशय आहे.

साउंड सिस्टीम देणारे गृहस्थ मात्र याला अपवाद निघाले. नाव जाहीर करायचं नाही, अशी त्यांची अट. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, हे त्यांना तंतोतंत पाळायचं होतं. मी सूचना वाचताना म्हटलं, "एका बंधूने साउंड सिस्टीम दिली आहे. प्रभू त्यांना आशीर्वाद देवो." भक्ती सुटल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाव घेतलं नाहीत, फार बरं केलंत. पण 'एका बंधूने' जरा घाईत उरकलंत." पुढच्या रविवारी मी ते सावकाश म्हटलं आणि त्यांच्या बाकाकडे बघत थांबलो. तरी त्यांचं समाधान झालं नसावं, कारण त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी चाचणी म्हणून स्वतःच माइक हातात घेतला. "हॅलो, हॅलो, मागं ऐकू येतंय का?" असं ते वीस मिनिटं विचारत होते. सगळी मंडळी मागेच होती, त्यामुळे चाचणी यशस्वी झाली.

गाण्याच्या बाबतीत आम्ही फार भाग्यवान. आमच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात नारायण वामन टिळकांची पुष्कळ गीतं आहेत. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पुढे नगरला राहिले, आणि भजन-कीर्तनाचा सगळा गोडवा त्यांनी ख्रिस्ती मंडळीत आणला. देवाच्या पायाशी लहान होऊन बसावं, असं वाटायला लावणारी ही गीतं. आमचा गायकवृंद ती काळी पाचमध्ये धरतो. त्यातलं एक कडवं एकटीने म्हणायचं असतं. ते कोणी म्हणायचं यावरून दोन बहिणींत अबोला धरला गेला, आणि आता पेटी वाजवणारे काका ते कडवं नुसतं वाजवून पुढे जातात.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं, पण ते पुरं व्हायच्या आत १९१९ साली ते गेले. मग ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं. शाळेचं तोंड धड न पाहिलेल्या बाईने नवऱ्याचं अपुरं महाकाव्य पुढे नेलं. आमच्या कमिटीला ही कला अजून साधलेली नाही. सभागृहाचं काम आधीच्या कमिटीने जोत्यापर्यंत आणलं होतं. नव्या कमिटीने त्याच जोत्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात दुसरी कोनशिला बसवली. आता आमच्याकडे एक सभागृह नाही आणि दोन कोनशिला आहेत. दोन्हींवर 'देवाच्या गौरवार्थ' ही ओळ सर्वांत बारीक अक्षरात आहे.

लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' मी अधूनमधून काढून वाचतो. स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडाने, तीही हसत सांगण्यात त्या बाईचा हात धरणारं मराठीत कोणी झालं नाही, असं मला वाटतं. आमच्याकडे साक्ष द्यायची वेळ आली की लोक शेजाऱ्याची फजिती सांगतात. आणि तीही थेट देवाला.

दर गुरुवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. आधी विनंत्या मागवतात. मग एखादी मावशी डोळे मिटून म्हणते, "आपल्यातल्या एका कुटुंबासाठी प्रार्थना करू या. नाव घेत नाही. पाण्याच्या टाकीमागं राहतात." इथपर्यंत ठीक. पुढे प्रार्थना सुरू होते. "हे दयाळू बापा, तुला ठाऊकच आहे की त्यांचा थोरला पुण्याला नोकरीला म्हणून गेला. तुला हेही ठाऊक आहे की ती नोकरी दिवाळीतच सुटली. आणि बापा, हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल परवा ओढून नेली, तीसुद्धा तू पाहिलीस." देवाला ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं. खोलीत इतकी शांतता की मिटलेल्या डोळ्यांचे कान झालेले. मध्येच कोणीतरी हळूच विचारतं, "कोणती मोटारसायकल?" आणि मावशी प्रार्थनेतच उत्तर देते, "ती लाल रंगाची, बापा."

आमेन झालं की डोळे उघडून बघावं तर दोन-तीन जणी चपला घालून टाकीच्या दिशेने निघालेल्या असतात. वाटेत घरी वळून डबा भरून घेतात, हेही सांगायला हवं. कोणी बाजरीच्या भाकरी, कोणी कालवण, कोणी डाळ-तांदूळ. त्या घरी आठवडाभर चूल पेटवावी लागली नाही. मग पुढच्या गुरुवारच्या प्रार्थनेत देवाला कळवण्यात आलं की कालवणात मीठ जास्त होतं.

खरिपाची बाजरी घरात आली की आमच्याकडे हंगामाचा सण होतो. त्या दिवशी जो तो आपल्या पिकातलं पहिलं वेदीपाशी आणून ठेवतो. बाजरीची कणसं, कांद्याच्या गोण्या, उसाच्या मोळ्या, शेवग्याच्या शेंगा, टोपलीभर अंडी, बरणीतलं लोणचं आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. भक्तीनंतर मांडवात या सगळ्याचा लिलाव. लिलाव पुकारणारे मामा एरवी मार्केट यार्डात कांद्याच्या अडतीवर असतात. त्यांनी "बोला, अंडं बोला" म्हटलं की आपण लासलगावात आल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी एक अंडं दोनशे रुपयांना जातं. अंड्याला कोणीच विचारत नाही. समोरच्याने किती बोली केली ते बघून पुढचा आकडा ठरतो. गेल्या खेपेला एका तांबड्या भोपळ्यावरून एक निवृत्त हेडमास्तर आणि एक ट्रॅक्टरवाले शेठ यांची जुंपली.

"पाचशे," हेडमास्तर म्हणाले. "मला काही भोपळ्याची हौस नाही. देवाच्या घरचं आहे म्हणून."

"हजार," शेठ म्हणाले. "मी तर भोपळा खातच नाही."

"पंधराशे. मला डॉक्टरांनी बंद केलाय."

असं करत भोपळा एकतीसशेला शेठच्या पदरात पडला. शेठ उठले, टाळ्या थांबेपर्यंत थांबले आणि भोपळा पुन्हा देवाला अर्पण केला. म्हणजे पुन्हा लिलाव. आता परत न देणं हलकेपणाचं ठरलं असतं, म्हणून ज्याने घेतला त्याने परत दिला. दिवस मावळेपर्यंत भोपळा फिरत होता. शेवटी बोली संपल्या, माणसं पांगली, आणि तो अकराशेला गळ्यात पडला तो ज्याने सकाळी मळ्यातून आणला होता त्याच्याच. तो बिचारा डोकं खाजवत होता. "घरी काय सांगू? सकाळी फुकट नेलेला, आता अकराशे मोजून आणला?"

त्याच मांडवात खजिनदारांचं प्रकरण झालं. मागच्या वर्षीच्या बोल्यांपैकी बऱ्याच जणांनी पैसे भरले नव्हते. नम्र माणूस बोली मोठ्याने करतो आणि पैसे गुपचूप भरतो. काही जण इतके गुपचूप भरतात की खजिनदारांनाही पत्ता लागत नाही. एका तरुणाने उभं राहून विचारलं, "थकबाकी किती आहे?" खजिनदार म्हणाले, "मला ठाऊक नाही." "यादी तरी कोणाकडं आहे?" "मला ठाऊक नाही." "मग पावतीपुस्तक?" खजिनदार चिडून म्हणाले, "सांगितलं ना, मला ठाऊक नाही!" आणि तेवढ्यात टेबलाखाली पाय बांधून ठेवलेला कोंबडा आरवला.

कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची गोष्ट माहीत नसलेलं माणूस त्या मांडवात एकही नव्हतं. आधी कोणाला हसावं कळेना, मग पाळकसाहेबच हसले. पेत्र त्या वेळी बाहेर जाऊन रडला होता. आमचे खजिनदार बाहेर जाऊन चहा घेऊन आले. नंतर त्या कोंबड्यावर कधी नव्हे एवढी बोली लागली आणि खजिनदारांनीच तो नेला. रात्री त्याचा रस्सा झाला, असं ऐकतो. ते पैसे मात्र त्यांनी रोख भरले.

पण या सगळ्यावर ताण झाली ती पाय धुण्याच्या विधीची. नवे पाळकसाहेब तरुण आहेत आणि त्यांना वाटतं की माणसं सुधारतात. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी आपणही हा विधी करू या, असं त्यांनी सुचवलं. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, तसे पाळकांनी मंडळीतल्या बारा जणांचे धुवायचे. यादी करायची चिटणिसाने.

पेत्र पहिल्यांदा नाही म्हणाला होता, हे योहानाने लिहून ठेवल्यामुळे आमच्याकडे सगळेच पहिल्यांदा नाही म्हणाले. "छे छे, पाळकसाहेबांनी माझे पाय धुवायचे? माझी पायरी नाही ती." मी सगळ्यांचे नकार मानून भलतीच बारा नावं फलकावर लावली. त्या रात्री फोन बंद करून ठेवावा लागला. "माझं नाव नाही ते उत्तमच. मला मान नकोच होता. फक्त एवढंच विचारतो, कोणत्या निकषावर?"

दुसऱ्या दिवशी महिला मंडळाचं शिष्टमंडळ आलं. बारा जणांत एकही बाई का नाही? एका पंचांनी सांगितलं की शिष्य सगळे पुरुष होते. मंडळाच्या अध्यक्षबाई तयारीने आल्या होत्या. "पोप फ्रान्सिसांनी २०१३ साली रोममध्ये तुरुंगातल्या पोरांचे पाय धुतले, त्यात दोन मुली होत्या."

"ते कॅथलिक," पंच म्हणाले.

"पाय सगळ्यांना सारखेच असतात," बाई म्हणाल्या, आणि यादीत चार बाया आल्या.

मग प्रश्न निघाला बाराव्या खुर्चीचा. बारावा शिष्य म्हणजे दगा देणारा यहूदा. जे लोक भक्तीत शेवटच्या बाकासाठी तासभर आधी येतात, त्यांच्यापैकी एकही शेवटच्या खुर्चीवर बसायला तयार होईना. मी खुर्च्या गोलात मांडून बघितल्या, तर "मोजायचं कुठून?" अशी विचारणा झाली. कोणीतरी आठवण काढली की शिष्यांची पैशाची थैली यहूदाकडे असे. सगळ्यांनी खजिनदारांकडे पाहिलं. ते उभे राहून म्हणाले, "पेत्रही मीच आणि यहूदाही मीच? बाकीचे दहा काय करणार आहेत?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. शेवटी बारावी खुर्ची माझ्याकडे आली. यादी मीच केली असल्याने तीत माझं नाव कसं शिरलं, हे मात्र मला विचारू नये.

आता पाळकसाहेब धुणार म्हणजे पाय स्वच्छ नकोत का? बुधवारी संध्याकाळी गावातल्या मेडिकलमध्ये टाचांच्या भेगांचं मलम संपलं. मी मोरीत वजरी घेऊन बसलो होतो. टाचा घासून घासून लाल झाल्या तेव्हा आमची ही दारातून म्हणाली, "लग्नात हळदीलासुद्धा इतके घासले नव्हते तुम्ही."

"उद्या पाळकसाहेब धुणार आहेत."

"मग आज तुम्ही कशाला धुताय?"

बायकांना धर्मशास्त्र समजावणं कठीण.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही बारा जण गोलात बसलो. नखं कापलेली, पावडर लावलेली, एकाच्या पायाला तर अत्तराचा वास. चर्चच्या सामानातून तांब्याचं घंगाळ काढलं होतं. पाळकसाहेब गुडघे टेकून एकेकापाशी सरकत होते, स्वच्छ पाण्याने स्वच्छ पाय धुवून स्वच्छ टॉवेलने पुसत होते. दहाव्या खुर्चीवरचे गृहस्थ मात्र आदल्या रात्री रुसून बसले होते, म्हणून आयत्या वेळी वस्तीवरच्या एका आजोबांना बसवलं होतं. आजोबांच्या शिवारात रात्रीचीच लाइट असते. ते रात्रभर कांद्याला पाणी देऊन, दिवसा दोन घास खाऊन तसेच आलेले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. पोटऱ्यांवर वाळलेला चिखल, टाचांच्या भेगांत काळी माती घट्ट बसलेली, अंगठ्याचं नख कधीतरी कुदळीने काळंनिळं झालेलं.

पाळकसाहेबांनी पहिल्यांदा पाणी ओतलं आणि घंगाळ गढूळ झालं. त्यांनी बोटांनी भेगांतली माती काढायला सुरुवात केली. पुन्हा पाणी मागवलं. पुन्हा गढूळ. आजोबा अवघडून म्हणाले, "साहेब, राहू द्या. बोरला पाणी कमी हाय. मला पुन्हा रानातच जायचंय."

पाळकसाहेब काही बोलले नाहीत, धूत राहिले. अकराव्या खुर्चीवरून आवाज आला, "आमच्या वेळी पाणी बदलणार ना?"

पाणी बदललं. माझी पाळी येईपर्यंत टॉवेलही बदलला होता. माझे पाय इतके स्वच्छ होते की साहेबांनी फक्त बोटं ओली करून फिरवली आणि पुढे गेले. वजरीने सोलवटलेल्या टाचांना ते थंड पाणी झोंबलं, एवढाच माझा आध्यात्मिक अनुभव.

ईस्टरनंतर कमिटीची बैठक झाली. विधी अत्यंत भावपूर्ण झाला याबद्दल अभिनंदनाचा ठराव आला. मग एका पंचांनी मुद्दा मांडला की पाण्याचा अपव्यय झाला, घंगाळाला माती लागली आणि मागच्यांना खोळंबावं लागलं. तेव्हा पुढील वर्षापासून पाय धुण्याच्या विधीस येताना पाय धुऊन येणं सक्तीचं करावं. ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तात तो माझ्याच अक्षरात आहे. पाळकसाहेबांनी सही करताना तो दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. माणसं सुधारतात असं त्यांना अजूनही वाटतं का, ते मी विचारलं नाही.

त्याच बैठकीत चर्च झाडणाऱ्या मावशींचा नम्र सेवेबद्दल सत्कार करायचं ठरलं. मावशी रोज पहाटे येऊन बाक पुसतात, अंगण झाडतात आणि कोणी यायच्या आत जातात. गावात नम्र कोण म्हटलं की सगळे त्यांच्याकडे बोट दाखवतात, कारण त्या निवडणुकीला उभ्या राहत नाहीत. सत्कारात सहा भाषणं झाली, सगळी नम्रतेवर. प्रत्येक वक्ता म्हणाला की मी फार वेळ घेणार नाही. घड्याळाचा तर प्रश्नच नव्हता. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह झालं. स्मृतिचिन्हावर मावशींचं नाव आणि त्याखाली सर्व पंचांची नावं, पदांसहित. मग मावशींना आग्रह झाला की त्यांनी दोन शब्द बोलावेत.

मावशी माइकपाशी गेल्या. साउंड सिस्टीम देणाऱ्या बंधूंनी धावत जाऊन तो त्यांच्या उंचीला लावून दिला.

"केरसुणी संपलीय," मावशी म्हणाल्या. "खराटाबी. सांगून वरीस झालं."

टाळ्या झाल्या. आभार मानणाऱ्यांनी या साध्या शब्दांतला गहन अर्थ उलगडून सांगितला.

केरसुणी द्यायला लगेच पाच जण पुढे आले. पाचही जणांना नाव नको होतं, पण ती इतर चौघांच्या नावावर जाऊ नये, असंही प्रत्येकाचं म्हणणं होतं. विषय आता उपसमितीकडे आहे. वाचकांपैकी कोणाला परस्पर एक केरसुणी आणि एक खराटा आणून द्यायचा असेल तर मावशी पहाटे पाचला चर्चमध्ये असतात. नाव टाकायचंच झालं तर मुठीवर टाकावं. खाली टाकलं तर आठ दिवसांत झिजून जातं.